अधांतरी चाक

प्रिय संचिता,

पाकिटावर सासूचं अक्षर पाहून तिकडे माहेरी तुझ्या आई घाबरल्या असतील, तर आधी त्यांना सांग की इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुझा नवरोबा प्रणित दोन वेळा पोटभर जेवतो आणि तिसऱ्या वेळी उगाच फ्रिज उघडून उभा राहतो. माझे गुडघे जिथल्या तिथे आहेत. पत्र अशासाठी लिहितेय, की फोनवर तुझ्याशी एका विषयावर बोलताच येत नाही. गाडीचं नाव काढलं की तू "जाऊ दे ना आई" म्हणतेस आणि लगेच बाजारात बोंबील आले का ते विचारतेस. मीही भोळी, बोंबलांच्या मागे जाते. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा पाय उशीवर ठेव, चहा घे आणि शेवटपर्यंत वाच. मध्ये मी बरीच भटकणार आहे, पण त्याची तुला सवय आहे.

गेले काही दिवस मला एका प्रश्नाने धरलंय. ज्या मोटरसायकलला स्वतःचा स्टँड आहे, तिला आणखी एक स्टँड विकत का घ्यावा लागतो? हसू नकोस. माझं आयुष्य बालवाडीत गेलं. "बाई, माशाला तहान लागते का?" असले प्रश्न रोज झेलले, आणि आता निवृत्त झाल्यावर तसलेच प्रश्न माझ्याच डोक्यात उगवतात. एकदा उगवला की उत्तर मिळेपर्यंत मला भाजी निवडणंसुद्धा सुचत नाही. प्रणित म्हणतो, आई, तू गुगलला विचार. गुगलला विचारलं. त्याने मला एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला, जो एका हाताने गाडी धरतो, दुसऱ्या हाताने काहीतरी खटका दाबतो आणि गाडीची पाठ वर जाते. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. जादूच्या प्रयोगात नेमका हातरुमाल कुठे गेला ते कळत नाही, तसं काहीतरी मला वाटत राहिलं.

हा प्रश्न पडायला कारण झाला निकेत. नवघरचा हा मुलगा येत्या रविवारी तुझी गाडी न्यायला येणार होता. तूच देवरुखहून प्रणितला सांगितलंस ना, की गाडी विकून टाक, मला ती नको. मग प्रणितने मित्रामार्फत हे गिऱ्हाईक शोधलं. खरं सांगते, त्या दिवशी मला बरं वाटलं. तुझा पाय प्लास्टरमध्ये पाहिल्यापासून त्या गाडीकडे बघणं मी टाळत होते. निकेत येऊन बघून गेला. ताडपत्री काढली, वाकला, चेनवरून बोट फिरवलं आणि तांबडं झालेलं बोट मला दाखवून म्हणाला, "आंटी, चेन जरा साफ करून ठेवा ना, पूर्ण जाम झालीय." खाडीची हवा, उभ्या गाडीला गंज चढणारच. तू पडलीस तेव्हा गॅरेजवाल्याने हँडल सरळ केलं, गाडी टेम्पोत घालून आणली आणि आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खांबाशी उभी केली. त्या दिवसापासून ती जागची हललेली नव्हती. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मी म्हटलं, चेन पुसायला काय लागतं? प्रणितला विचारण्यात अर्थ नव्हता. सायकलची चेन उतरली तर सायकल खांद्यावर घेऊन घरी येणारा मुलगा तो. मी मोरव्याला माझ्या भावाला फोन केला. धर्माजीने होडीच्या टाकीतलं डिझेल बाटलीत भरून दिलं, मी जुने टूथब्रश आणि तुझ्या सासऱ्यांच्या बनियनच्या चिंध्या घेऊन खाली बसले. समोर दिसत होती तेवढी चेन छान चकचकीत झाली. मग पंचाईत. उरलेली चेन चाकाच्या मागे आणि झाकणाच्या आत. ती पुढे यायची तर चाक फिरायला हवं, आणि चाक तर जमिनीवर गाडीचं सगळं वजन घेऊन बसलेलं. तेव्हा तुझी रविवार सकाळची कवायत मला आठवली. तू वीतभर चेन पुसायचीस, उठायचीस, गाडी जराशी पुढे ढकलायचीस, पुन्हा बसायचीस. असं करत करत सगळ्या पार्किंगला तुझा फेरा व्हायचा. खिडकीतून मी म्हणायचे, ही पोरगी गाडी धुतेय की तिला फिरवून आणतेय! आणि तू वर बघून म्हणायचीस, "आई, एक मागचा स्टँड घ्यायचाय, पुढच्या महिन्यात." तो पुढचा महिना काही आला नाही. प्रत्येक महिन्यात घरात दुसरंच काहीतरी निघालं.

माझ्या गुडघ्यांना ती कवायत झेपणारी नव्हती, म्हणून मी स्टँड घ्यायला गेले. विकायच्या गाडीसाठी स्टँड घेणारी बाई म्हणून प्रणितने मला वेड्यात काढलं. नवघर रोडला हेल्मेटं टांगलेलं एक दुकान आहे, तिथल्या कच्छी शेठला मी तुझ्या गाडीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "मासी, इसमें सेंटर स्टँड कंपनी देती ही नहीं. वजन बढता है ना. आपको पॅडॉक स्टँड लगेगा." आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याने बसल्या जागी दिलं. गाडीच्या अंगचा जो बाजूचा स्टँड असतो तो तिला नुसती कलती टेकवतो, दोन्ही चाकं खालीच राहतात. हा बाहेरचा स्टँड तिला मागून उचलतो. टेकवणं वेगळं आणि उचलणं वेगळं, एवढी साधी गोष्ट. मला इतका आनंद झाला की मी त्याला म्हटलं, अच्छा समझाया. तो जरा चपापला. मग विचारतो, "आप खुद चलाते हो?" मी म्हटलं, "अभी तक नहीं."

पण प्रकरण तिथे संपलं नाही. स्टँडमध्ये दोन जाती निघाल्या. एकाला वर इंग्रजी व्हीसारख्या खाचा असतात. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन लोखंडी हात आहेत ना, त्यांना शिवणयंत्राच्या रिळासारखे दोन गट्टू तिथल्या भोकांत पिळून बसवायचे आणि खाचा त्या गट्टूंखाली अडकवायच्या. घसरत नाही, पक्कं बसतं. दुसऱ्याला खाचांऐवजी रबर लावलेले दोन आडवे पंजे असतात. ते सरळ त्या लोखंडी हातांच्या पोटाखाली जातात. शेठ म्हणाला तो खाचांचा, हुकवाला चांगला, मी हुकवाला घेतला. त्याने गट्टूही पुडीत बांधून दिले. रिक्षात मांडीवर ते धूड घेऊन बसले तर रिक्षावाला विचारतो, "काकी, जिमचं सामान काय?" घरी येऊन बघते तर डाव्या बाजूला गट्टू मस्त बसला आणि उजव्या बाजूला बसेना. मी चक्क फरशीवर आडवी झाले. शेजारच्या जिजाबाई जिन्यातून उतरत होत्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी म्हटलं, काही नाही हो, भोक बघतेय. उजव्या बाजूचं भोक दबून गेलं होतं. गाडी त्याच अंगावर पडली होती आणि डांबरावरून घासत गेली होती. मी तिथे बोट लावलं आणि आडवी पडूनच राहिले थोडा वेळ. तोवर तुझं पडणं मी फक्त तुझ्या पायावर पाहिलं होतं, गाडीवर पाहिलं नव्हतं.

संचिता, त्या सकाळबद्दल आपण घरात नीट कधी बोललोच नाही. तू लॅबचा नमुन्यांचा डबा घेऊन उत्तनच्या रस्त्याला गेली होतीस, कुण्या आजोबांचं उपाशीपोटी रक्त घ्यायचं म्हणून. दवाखान्यात शुद्धीवर आल्याआल्या तू पहिलं काय म्हणालीस, तर डबा कुठाय. आणि दुसरं म्हणालीस, "आई, मी काहीच केलं नाही. वळणावर मागचं चाकच हललं. कोणीतरी बाजूने धरून हलवल्यासारखं." प्रणित घाबरलेला होता, तो म्हणाला स्पीड जास्त असेल, तुला कळलं नसेल. हाडाचे डॉक्टर म्हणाले, एवढी जड गाडी कशाला चालवायची. जिजाबाई खाऊचा डबा घेऊन भेटायला आल्या आणि त्याच पट्टीत बोलून गेल्या. तू पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिलीस, मागचं चाक हललं. मग तू सांगायचं थांबलीस. माहेरी गेल्यावर एकदा फोनवर म्हणालीस, "माझंच काहीतरी चुकलं असेल आई. आता मला माझ्या हातांचा भरवसा वाटत नाही." त्यानंतर लॅबला कळवलंस की घरोघर फिरायचं काम नको, काउंटरवर बसेन. तुझा तो आवाज मला आवडला नव्हता. लग्न होऊन आलीस तेव्हा सामानाच्या टेम्पोच्या पुढे स्वतःची गाडी चालवत आलेली मुलगी तू. माझ्या बहिणी कुजबुजल्या होत्या, आणि मला मात्र फार मजा वाटली होती. त्या मुलीचा आवाज असा नव्हता.

तर, हुकवाला परत केला. शेठने कटकट न करता रबरवाला दिला, वर सल्ला दिला की पंजे आत-बाहेर सरकवून मापाला आणा, दोन्ही बाजूंनी सारखे लावा, चेन ताणायचा बोल्ट मध्ये येऊ देऊ नका, जोडाची वेल्डिंग बघून घ्या आणि जमीन सपाट हवी. "और मासी, पहली बार अकेले मत करना." हे शेवटचं वाक्य मी मनावर घेतलं. गोऱ्या माणसाने एकट्याने केलं होतं हे खरं, पण त्याला माझे गुडघे नव्हते. प्रणितला म्हटलं गाडी धर, तर त्याची मीटिंग निघाली. मग मी धर्माजीलाच बोलावलं.

तुझे हे मामेसासरे कसे आहेत तुला माहीत आहे. आले ते खांद्यावर दोराचं भेंडोळं घेऊन. मी विचारलं, दोर कशाला? तर म्हणाला, "आदी बांधाची, मंग उचलाची. लाट कवा येल सांगता येतं काय?" पार्किंगमध्ये लाट कुठून येणार! पण पावसाळ्याआधी होडी वर ओढताना आमच्या घरात हीच रीत. आधी दोर खुंटाला, मग टेकू. आमचा बाप तसं करायचा, धर्माजीही तसंच करतो. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, मीही त्याच घरची ना. त्याने गाडीचं पुढचं चाक खांबाला असं आवळलं की वादळातही हललं नसतं. गाडी सरळ केली, मी मागून पंजे घातले आणि दांडा खाली दाबला.

गाडी जराशी उचलली गेली आणि अडली. मी आणखी जोर लावला. स्टँड कर्रकन घसरून मागे गेला, गाडी भेलकांडली आणि धर्माजीच्या अंगावर आली. त्याने खांदा देऊन धरली म्हणून वाचली. उजवा आरसा मात्र खांबावर आपटून फुटला, तो मी तुला भरून देणार आहे. आवाज ऐकून प्रणित जिन्यावरून अनवाणी धावत आला. मीटिंग कुठे गेली देव जाणे. दोघांनी मिळून गाडी सावरली आणि मग प्रणित आम्हा बहीणभावांवर जो ओरडला तो ऐकण्यासारखा होता. धर्माजी शांतपणे म्हणाला, "दोर होता म्हनून वाचली." मला ते पटेना. पोरं ठोकळ्यांचा मनोरा पाडतात तेव्हा मी त्यांना विचारायचे, कुठला ठोकळा आधी हलला? तसं मी स्वतःला विचारलं. तो व्हिडिओ पुन्हा लावला, आणि या वेळी गोऱ्या माणसाकडे न बघता पुढच्या चाकाकडे बघितलं. संचिता, ते चाक सरकतं! दांडा खाली जाताना सगळी गाडी बोट-दोन बोटं मागे येते. स्टँड तिला नुसता वर नाही उचलत, मागे घेत घेत वर उचलतो. म्हणजे दोराने वाचवलं नव्हतं, दोरानेच पाडलं होतं. पाण्यातल्या रीतीने आम्ही जमिनीवरची गाडी बांधायला गेलो. हे मी धर्माजीला सांगितलं तेव्हा त्याने दोर सोडला, पण गुंडाळून काखेतच ठेवला.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाण्यासारखं केलं. गाडी न्यूट्रलला टाकली. आपल्या पार्किंगला गटाराकडे उतार आहे, म्हणून ती मीटर बॉक्सजवळच्या सपाट जागेवर घेतली. प्रणित पुढे हँडल धरून उभा राहिला, नुसता सरळ धरून, ब्रेक न दाबता. धर्माजी बाजूला. मी मागे उकिडवी बसून दोन्ही पंजे नीट टेकलेत ना ते बोटाने चाचपलं आणि दांडा हातांनी हळूहळू खाली नेला. काही जोर लागला नाही ग. एवढी मोठी गाडी, आणि माझ्यासारख्या बाईच्या हाताने ती पाठ वर करून गप्प उभी राहिली. मागचं चाक जमिनीपासून सुटलं. मी त्याच्याखालून हात फिरवून बघितला, खरंच हवा होती. मी टाळ्या वाजवल्या. प्रणितही हसला. किती दिवसांनी हसला ते मी सांगत नाही, नाहीतर तू हळवी होशील.

मग मी चेन धुतली. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने ब्रश धरायचा, चेन आपली आपण समोर येते. तुझा तो फेरा आठवून मला वाईट वाटलं. एवढ्या साध्या वस्तूसाठी तू पुढचा महिना पुढचा महिना करत राहिलीस. चाक फिरताना बारीक खरखर येत होती, जात्यात खडा आल्यासारखी. मी प्रणितला म्हटलं, चेनचा आवाज असेल. तो म्हणाला, असेल.

धर्माजी तोवर तंबाखू मळत बसला होता. काम झालं तसा उठला, हात झटकले, आणि मागच्या चाकाला एक हात वरून आणि एक हात खालून घालून त्याने ते आडवं हलवलं. हे त्याने का केलं ते मला लगेच कळलं, प्रणितला कळलं नाही. होडी वर ओढली की आमच्याकडे पहिलं काम हेच. कोणी रंगाकडे बघत नाही, फळ्यांकडे बघत नाही. मागे जाऊन पाण्याखालचा पंखा दोन्ही हातांनी धरायचा आणि हलवायचा. पाण्यात असताना तो ढिला झालाय हे कळत नाही, वर घेतल्यावरच कळतं. धर्माजीला समोर काहीतरी उचललेलं दिसलं आणि त्याचे हात आपोआप मागे गेले.

चाक हललं. ठक. पुन्हा हलवलं, पुन्हा ठक. फिरायची हालचाल नव्हे ती, डावी-उजवी. धर्माजी माझ्याकडे बघत म्हणाला, "सुगंधे, यो चाक ढिला हाय. एवरा ढिला पंखा घेऊन मी कवा खाडीन गेलो न्हाय." मी म्हटलं, अरे, गाडी पडली होती, तेव्हा झालं असेल. तो म्हणाला, "पडल्यावर वाकतं. यो झिजलाय." मी म्हटलं, इतके दिवस उभी आहे, गंजून झालं असेल. त्याने चाक एकदा फिरवून ती खरखर कान लावून ऐकली आणि म्हणाला, "उभी होडी कुजते, झिजत न्हाय. झिजाला फिराला लागतं." आणि ते चाक तू पडल्यानंतर रस्त्यावर एकदाही फिरलेलं नाही ना? मी तुला लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. टेम्पोतून आलं आणि उभं राहिलं. म्हणजे जे काही झिजलं, ते आधी झिजलं.

प्रणित हँडल धरून तसाच उभा होता. मी म्हटलं, ये, हात लाव. तो मागे आला, त्याने चाक हलवलं. पुन्हा हलवलं. मग तेलकट हातांनी तिथेच फरशीवर बसला. म्हणाला, "आई, तिने सांगितलं होतं." एवढंच. संध्याकाळी तो स्वतः जाऊन गोडदेवहून विठू मेकॅनिकला घेऊन आला. विठूने चाक हलवलं, फिरवलं, आणि म्हणाला, "काकी, चाकाच्या मधलं बेअरिंग टोटल गेलंय. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली असेल, पाणी आत गेलं की खातं हळूहळू. चालवताना सरळ रस्त्याला कळत नाय." मी विचारलं, त्यानेच ती पडली का, खरं सांग. तो डोकं खाजवत म्हणाला, "मी तिथे नव्हतो काकी, शंभर टक्के नाय सांगू शकत. पण असं चाक वळणावर हलणारच. मी स्वतः नाय नेणार ही गाडी." मागच्या पावसाळ्यात नवघर रोडला गुडघाभर पाणी साचलं होतं आणि तू रोज त्यातून नमुने घेऊन जात होतीस, हे मी त्याला सांगितलं नाही. मलाच ते आठवून रडू येत होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. विठू दुसऱ्या दिवशी नवीन बेअरिंग आणि हातोडी घेऊन आला होता, मी त्याला परत पाठवलं. निकेतला मी फोन करून कळवलं, की बाळा, चाक ढिलं आहे आणि गाडीची मालकीण गावाला आहे, ती सांगेल तेव्हाच काय ते. विठू चिडला, प्रणित म्हणाला आई तुझं काय चाललंय. पण मी तुला ओळखते. मी फोनवर हे सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आईला मला बरं वाटावं म्हणून असं वाटतंय. नवीन बेअरिंग बसल्यावर तू आलीस तर चाक गुळगुळीत फिरेल आणि तू मनात म्हणशील, बघा, गाडीत काहीच नव्हतं, माझ्याच हातात होतं. म्हणून ते चाक मी तसंच ठेवलंय, ढिलं, स्टँडवर उचललेलं, वर ताडपत्री. जिजाबाईंच्या नातवंडांना ताकीद दिलीय. प्रणितने रजा टाकलीय, तो शनिवारी तुला आणायला निघतोय. काय बोलायचं ते तो वाटेत जुळवेल, तू त्याला जरा घाम फुटू दे. तू काठी टेकत ये, मी तुझ्यासाठी बालवाडीतली छोटी खुर्ची चाकाशी मांडून ठेवते. एक हात वर घाल, एक खाली, आणि हलव. ठक वाजेल. ते तुझ्या हातांना कळू दे, दुसऱ्या कोणाच्या नको. मग गाडी विकायची की ठेवायची, घरोघर जायचं की काउंटरवर बसायचं, ते तू ठरव, मी एक शब्द बोलणार नाही. पण तुझा हात लागेपर्यंत मी ती कोणाला खाली उतरवू देणार नाही.

तुझीच, डिझेलचा वास अजून न गेलेली,
आई